गळलेला काना

तुळसा जाऊन सहा महिने झाले होते, तेव्हा राघोपंतांनी मला ते पुस्तक दिलं. राघोपंत ठाण्याच्या कोर्टात कारकून. मी त्याच कोर्टात एकतीस वर्षं पट्टेवाला होतो. तुळसा माझी बायको. ती गेली त्याच साली मी पट्टा उतरवून परत दिला.

पुस्तक पातळ होतं. वरच्या पानावर छापलं होतं: 'अंथरुणावरची सात वर्षे. कल्याण येथील शाळेचे माजी मास्तर पंढरीनाथ लक्ष्मण यांनी सांगितलेली स्वतःची हकीकत. घरच्या माणसाने लिहून घेतली.'

"मारुती, तुझ्या घरी हेच दुखणं होतं ना?" राघोपंत म्हणाले. "घे, वाच. अक्षरओळख आहे तुला. फक्त थुंकी लावून पान उलटू नकोस."

"तुमचं वाचून झालं का?"

"दहा पानं वाचली आणि ठेवून दिलं. माझ्याच्यानं पुढं होईना."

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. कोर्टात मी पुकारा करायचो. साहेबांच्या दाराशी उभं राहायचं, यादीतलं नाव वाचायचं आणि बाहेरच्या पिंपळापर्यंत ऐकू जाईल असं तीन वेळा ओरडायचं. बाळबोध अक्षर मी तसंच शिकलो, एकेक नाव ओरडत. त्यामुळे पुस्तकही मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचू लागलो.

आमचं घर बाळकुमला. गावात बहुतेक घरं आगऱ्यांची, भातशेती आणि मिठागरं सांभाळणारी. आम्ही जुन्नरकडचे, पण या गावात राहून आम्हाला तीस वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. शेजारी आवडाबाई राहते. एकटीच असते. ती आगरी, आणि आगऱ्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तू. कोर्टात साक्षीला उभी केली तर साहेबालाही ती तूच म्हणेल.

पहिल्या दिवशी माझं वाचन ऐकून ती कुंपणाशी आली.

"मारुती, सकालपासून कोनला पुकारतंस? हाजर झाला का नाय तो?"

"पुस्तक वाचतोय, आवडाबाई."

"मंग हलू वाच. कोंबड्या बिथरल्यान माझ्या."

मी आवाज जरा खाली आणला.

मास्तरांना पहिला झटका शाळेतच आला होता. फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच राहिले. उजवं अंग गेलं. दीड वर्षाने दुसरा झटका आला आणि डावंही गेलं. पुस्तकात लिहिलं होतं: 'लोक या रोगास अर्धांगवायू म्हणतात. माझ्याकडे अर्धेही अंग शिल्लक ठेवले नाही, तरी नाव तेच.' इथे मला हसू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आलं असेल. मग हसल्याचं वाईट वाटलं.

कुशीवर वळवायला कोणी येईपर्यंत एकाच बाजूने पाहावं लागतं, म्हणून भिंतीच्या एका भेगेचे सगळे फाटे त्यांना पाठ झाले होते. नाकावर बसलेली माशी आपणहून उडेपर्यंत काय वाटतं, यावर त्यांनी सबंध एक पान सांगितलं होतं. ते पान वाचल्यावर मी आत गेलो आणि तुळसाची बाज जिथे होती ती जागा बघून आलो. तिच्या तोंडावर माशा बसायच्या. मी दारातून हाकलायचो, पंच्याने वारा घालून. दारातून हाकललेली माशी जात नाही.

तुळसाचं असं झालं. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात ती अंगणात चिंच फोडत बसली होती. मी कोर्टात जायला निघालो होतो. तिने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चिंचेच्या ढिगावर कलंडली. उजवं अंग गेलं. वैद्य म्हणाला, वारं गेलं अंगावरून. तेल झालं, लसूण झाला. तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. तिसऱ्या आठवड्यात एक शब्द फुटला, आणि मग जाईपर्यंत तेवढाच एक राहिला. बस.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आनंद झाला होता. मी पेज भरवत होतो, उकिडवा, घाईघाईने, कारण कोर्टाची वेळ होत होती. दोन पळ्या झाल्या, तिसरी उचलली तर म्हणाली, "बस." मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, बोलली एकदाची, पोट भरलं म्हणाली.

मग ती तेच म्हणू लागली. तेल चोळायला घेतलं की बस. उशी सारखी करायला गेलो की बस. संध्याकाळी कोर्टातून यायचो, दारात उभा राहून दिवसभरातलं सांगायचो, कोणाची तारीख पडली, कोण साक्षीदार फिरला. पूर्वी ती हे सगळं आवडीने ऐकायची, पक्षकारांना नावं ठेवायची. आता मी दोन वाक्यं बोललो की म्हणायची, बस.

साहेब पुकारा ऐकून हात वर करायचे आणि 'बस' म्हणायचे. म्हणजे पुरे, माणूस सापडला. ते ऐकलं की तोंड मिटायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. एकतीस वर्षं हेच केलं होतं. घरीही माझं तेच व्हायचं. ती म्हणायची बस, मी गप्प व्हायचो आणि मागे सरायचो. आधी बाजेपासून दारापर्यंत. मग दारातून ओट्यावर. शेवटी शेवटी अंगणातच असायचो.

मला वाटलं, तिला माझा कंटाळा आला. पेजेचा, तेलाचा, माझ्या बोलण्याचा, सगळ्याचाच. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा वैद्य म्हणाला, या दुखण्यात येतंच. मग मी आवडाबाईला विचारलं, दिवसा हिच्यापाशी राहशील का. ती हो म्हणाली आणि राहिली.

पौषात एका सकाळी आवडाबाईने मला अंगणातून हाक मारली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तुळसाने माझ्याकडे पाहिलं. मोठे डोळे करून म्हणाली, "बस." मी परत अंगणात गेलो आणि लाकडं फोडू लागलो. ओंडका संपायच्या आत आवडाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "कुऱ्हाड ठेव आता."

म्हणून मी पुस्तक वाचत होतो. मला एकच गोष्ट हवी होती. अशा दुखण्यात पडलेल्या माणसाला आपलंच माणूस नकोसं होतं का? होत असेल तर तसं, मी ते सोसलं असतं. पण कोणीतरी आतून पाहिलेल्याने ते सांगायला हवं होतं.

पुस्तक संपलं, पण त्यात ते नव्हतं. देवावर होतं, वैद्यांवर होतं, पाठीला पडणाऱ्या फोडांवर होतं. बोलण्याबद्दल एक पान होतं. त्यात लिहिलं होतं, 'आयुष्यभर मी मुलांच्या पाटीवरील काना-मात्रा सुधारल्या. आता माझ्याच तोंडातून त्या गळतात. वडील बंधू निघाले असता मी थांबा म्हणालो, ते त्यांस थांब असे ऐकू आले. रोगाने मी उद्धट झालो, असे ते चार ठिकाणी बोलले.' हे मी आवडाबाईलाही वाचून दाखवलं. तिला त्यात रागावण्यासारखं काय ते कळलं नाही. "थांब बोलला त थांबाचं," ती म्हणाली. "भाव रागावला कशाला?"

मीही पान उलटलं.

पुढच्या सोमवारी मी सकाळच्या गाडीने कल्याणला गेलो. मास्तर हयात आहेत हे राघोपंतांनी सांगितलं होतं. घर शोधायला वेळ लागला नाही. स्टेशनाबाहेर विचारलं, तर ज्याला विचारलं तो मास्तरांच्या हातचा मार खाल्लेला निघाला. तलावाच्या मागच्या गल्लीपर्यंत तो मला सोडायला आला आणि वाटेत किती छड्या खाल्ल्या ते कौतुकाने सांगत होता.

दार पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. कपाळावर घाम, हातात ओलं फडकं.

"बाळकुमहून आलो," मी म्हटलं. "मास्तरांचं पुस्तक वाचलं."

"सगळं?"

"हो."

"मग तुम्ही दुसरे," त्या म्हणाल्या. "पहिली मी. मीच लिहून घेतलं म्हणून. या आत."

त्या मास्तरांच्या पत्नी, विमलाबाई. त्यांना लिहायला मास्तरांनीच शिकवलं होतं, लग्नानंतर. पुस्तकात 'घरच्या माणसाने' म्हटलेलं माणूस ते.

मास्तर लोडाला टेकवून निजवलेले होते. डोकं एका बाजूला पडू नये म्हणून उपरण्याने लोडाला सैल बांधलं होतं. डोळे मात्र वर्गात मागच्या रांगेतला पोरगा शोधणाऱ्या मास्तरासारखे. मी दाराशी उभा राहून हात जोडले आणि माझं नाव सांगितलं. म्हटलं, एक विचारायला आलोय. माझ्या बायकोला तुमच्यासारखंच झालं होतं. दोन वर्षं पडून होती. आता नाही. ती गेली तेव्हा मी अंगणात होतो.

"बस," मास्तर म्हणाले.

मी थांबलो. मग वाटलं, अर्धं सांगून काय उपयोग, म्हणून परत सुरू केलं.

"बस," ते पुन्हा म्हणाले. आवाज चढला होता, भुवया जवळ आल्या होत्या.

मी तोंड मिटलं. "चुकलं," म्हटलं, "आजारी माणसाला त्रास दिला." दोन पावलं मागे सरलो, टोपी सारखी केली आणि वहाणांत पाय घातला.

"अहो, निघालात कुठं?" विमलाबाई म्हणाल्या. "बसा म्हणतायत ते तुम्हाला. दोनदा म्हणाले. उभ्या माणसाकडं वर बघून मान दुखते त्यांची."

मी तसाच, एक पाय वहाणेत.

"काना गिळतात ते," त्या म्हणाल्या. "पुस्तकात आहे की. वाचलंत ना सगळं?"

वाचलं होतं. मोठ्याने वाचलं होतं. आवडाबाईच्या कोंबड्यांनीही ऐकलं होतं.

विमलाबाईंनी पाट सरकवला. मी त्यावर बसलो. बसल्यावर मास्तरांचे आणि माझे डोळे एका उंचीवर आले. त्यांनी काहीतरी म्हटलं, मला नीट लागलं नाही. विमलाबाईंनी सांगितलं, "विचारतायत, पुढं काय? तुमच्या बायकोला काय झालं?"

"तिला एकच शब्द येत होता," मी म्हटलं.

"कोणता?"

"बस."

विमलाबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हळूहळू, एकेक तुकडा करून काही बोलले.

"विचारतायत," विमलाबाई म्हणाल्या, "त्या तुम्हाला अरे-तुरे करायच्या का?"

"नाही," मी म्हटलं. "बेचाळीस वर्षांत कधी नाही. अहो-जाहोच."

तेच तर होतं. तुळसा मला 'बस' म्हणेल, बसण्यासाठी, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ती म्हणाली असती तर 'बसा' म्हणाली असती. म्हणून मी त्याचा दुसरा अर्थ घेतला, कोर्टातला.

मास्तर पुन्हा बोलले. या वेळी विमलाबाईंनी सगळं ऐकून घेऊन मग सांगितलं. "म्हणतायत, परक्या बाईच्या मनातलं मी कसं सांगू? पुरे असंही म्हणायचं असेल त्यांना. कधी हे, कधी ते. त्यांच्यापाशी दुसरं कोणी असायचं का? त्या माणसाला विचारा."

मी उठलो. विमलाबाईंनी पाणी दिलं. दारापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मलाही पहिले दोन महिने कळायचं नाही हो. पाणी मागायचे तर मी पान लावून द्यायची. रोज जवळ बसून बसून कान तयार झाला." मग म्हणाल्या, "सांभाळून जा. पुढं दगड उचकटलाय."

ठाण्याला उतरून मी चालत बाळकुमला आलो. ऊन उतरलं होतं. आवडाबाई अंगणात सुकट निवडत होती. मी कुंपणाशी उभा राहिलो.

"आलास? भेटला का तुझा मास्तर?"

"आवडाबाई, तुळसा तुला बस म्हणायची तेव्हा तू काय करायचीस?"

तिने सुपातून मान वर केली. मला वेड लागलंय का ते बघत असावी.

"बसाची," ती म्हणाली. "बस बोलली त काय नाचू?"

"आणि मग?"

"मंग काय. मी बसली का गप राहाची. तोंडाशी पळी नेली का मुकाट पेज पियाची. हात धराची माझा, डाव्या हातान. कधी तासभर सोडत नसं. भात टाकायचा राहाचा माझा."

"तेल लावतानाही म्हणायची?"

"उभ्या उभ्या वाकून तेल लावाचास तू, तिला धाप लागं तुझी बघून. मी बसून लावाची. तवा नाय बोलाची."

मी कुंपणाचा बांबू धरला.

"आणि मी दारात यायचो तेव्हा?"

आवडाबाईने सूप खाली ठेवलं. सुकटीतले शिंपल्याचे तुकडे तिने एकेक करून वेगळे काढले, बोलायच्या आधी.

"तवा लई बोलाची," ती म्हणाली. "तुझी चाहूल लागली का आधीपासूनच. बस, बस. तू दारान उभा, कोर्टातला कायतरी बोलाचास, ती बस बोलाची, अन् तू परत फिराचास. मना वाटं, याला काम असल. पुरुषाचा जीव, बघवत नसल याला."

"मला सांगितलं नाहीस तू."

"काय सांगू? तुझी बायको तुला बस बोलते, तुलाच ऐकू जातंय. मी कोन मधी बोलनारी?" मग म्हणाली, "मना काय ठावं तुला समजत नाय. सोपा शब्द होता."

तिच्यासाठी सोपा होता. तिच्या बोलीत त्याला काना नव्हताच, तर गळणार कुठून?

मी तिला काना वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, "तू कुठं बसायचीस?"

"भिंतीशी. डोक्याकडं, डाव्या अंगाला. उजव्या डोळ्यान दिसत नसं तिला."

दार उजव्या अंगाला आहे. दोन वर्षं मी त्या दारात उभा होतो. बिचारीला माझ्याकडे बघायला सबंध मान फिरवावी लागत असणार.

घरी येऊन मी दिवा लावायच्या आधी आतल्या खोलीत गेलो. बाज मी तेव्हाच देऊन टाकली होती. जमिनीवर तिच्या चार पायांचे चार खळगे आहेत, शेणाने सारवूनही वर येतात. डोक्याकडचे दोन खळगे मी ओळखले आणि त्यांच्या डावीकडच्या भिंतीशी गेलो. भिंतीवर तिथे एक काळपट, तेलकट डाग आहे, हाताच्या पंज्याएवढा, जमिनीपासून दोन हातांवर. मी तो कितीदा पाहिला होता. दिवाळीला चुना लावू तेव्हा जाईल म्हणून सोडला होता. तो आवडाबाईच्या डोक्याचा होता. महिनोन्महिने टेकून बसल्याचा.

मी तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसलो. माझं डोकं डागाच्या वर चार बोटं आलं. तिथे भिंत पांढरी होती.